गोव्यात मूल होण्यासाठी डॉक्टर निवडताना आणि त्यांच्याशी बोलताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ट्रीटमेंट घ्यायचं एकदा ठरलं की पहिले प्रश्न औषधांचे नसतातच. कुठे जाऊ, कोणाला विचारू आणि आत गेल्यावर नेमकं काय बोलू, हेच असतात. फोंडा, म्हापसा, मडगाव, डिचोली, काणकोण अशा सगळीकडच्या बायकांनी आणि दोनचार पुरुषांनीही मला हे परत परत विचारलंय, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवते. मी डॉक्टर नाही, या सगळ्यातून गेलेली पेशंट आहे. त्यामुळे कुठलं इंजेक्शन किती घ्यायचं हे इथे शोधू नका, आणि कुठला डॉक्टर बेस्ट हेही विचारू नका, ते मी सांगणार नाही. डॉक्टर पारखायचा कसा तेवढं सांगते.

किती दिवस वाट बघायची आणि मग डॉक्टरकडे जायचं?

गर्भनिरोधक काहीही न वापरता एक वर्ष प्रयत्न करून दिवस राहिले नाहीत तर जायचं. बाईचं वय 35 च्या वर असेल तर सहा महिन्यांनीच. पाळी दोन दोन महिने येत नसेल, पाळीत असह्य दुखत असेल, आधी ट्यूबचं किंवा सिस्टचं ऑपरेशन झालेलं असेल, किंवा मिस्टरांचं लहानपणी अंडकोषाचं काही झालेलं असेल, तर वर्ष मोजत बसू नका, लगेच जा. "लग्नाला आता कुठे दोन वर्षं झाली, होईल गो" हे सांगणारे खूप भेटतात, त्यांना चहा द्या आणि अपॉइंटमेंट घ्या.

आमच्या नेहमीच्या गायनॅक मॅडमकडेच करू की स्पेशालिस्टकडे जाऊ?

सुरुवातीच्या टेस्ट नेहमीच्या मॅडमकडे झाल्या तरी चालतं. थायरॉईड, प्रोलॅक्टिन, एएमएच (अंड्यांचा साठा किती उरलाय ते सांगणारी रक्ताची टेस्ट), सोनोग्राफी, मिस्टरांची वीर्य तपासणी आणि ट्यूब उघड्या आहेत का बघायला एचएसजी नावाचा एक्स-रे, एवढं झालं की चित्र बरंचसं कळतं. मॅडम ओळखीच्या असतात, त्यांना घरचं सगळं माहीत असतं, त्यांच्यापुढे रडताही येतं.

पण महिन्यामागून महिने त्याच गोळ्या आणि तोच फॉलिक्युलर स्टडी (अंडं वाढतंय का बघायची सोनोग्राफी) चाललाय आणि अजून ट्यूब बघितल्या नाहीत की मिस्टरांचा रिपोर्ट काढला नाही, असं असेल तर सरळ विचारा की मॅडम, हे अजून किती महिने, आणि नाही झालं तर पुढे काय. माझ्या मते डॉक्टर ओळखायचा हाच सगळ्यात चांगला प्रश्न, नाही झालं तर पुढे काय. ज्यांच्या डोक्यात प्लॅन असतो ते दोन वाक्यांत सांगतात. नसतो ते म्हणतात, आधी पॉझिटिव्ह विचार करा.

स्पेशालिस्ट म्हणजे बोर्डावर नुसतं आयव्हीएफ (लॅबमध्ये अंडं फलित करून तयार झालेला एम्ब्रियो म्हणजे गर्भ गर्भाशयात सोडणं) लिहिलेलं पुरत नाही. गायनॅकची डिग्री आहेच, त्यावर रिप्रॉडक्टिव्ह मेडिसिनचं शिक्षण किंवा फेलोशिप कुठे केली, आणि लॅबमध्ये ही अंडी आणि गर्भ सांभाळणारा एम्ब्रियोलॉजिस्ट कोण, हे विचारायला लाजू नका. आयव्हीएफमध्ये अर्धं काम त्या लॅबमध्ये होतं आणि तिथला माणूस आपल्याला बहुतेक वेळा दिसतच नाही.

क्लिनिक कायदेशीर आहे हे कसं कळणार?

2021 मध्ये एआरटी कायदा, म्हणजे अशा ट्रीटमेंटसाठीचा कायदा आला, त्याखाली प्रत्येक क्लिनिकची नोंदणी लागते. लेव्हल 1 म्हणजे फक्त आययूआय (वीर्य थेट गर्भाशयात सोडणं) करणारी, लेव्हल 2 म्हणजे आयव्हीएफ, इक्सी (लॅबमध्ये एकेक शुक्राणू अंड्यात टोचणं) वगैरे करणारी. लेव्हल 1 वाल्यांनी "आयव्हीएफ पण आमच्याकडेच करू" म्हटलं तर ते नक्की कुठे आणि कोण करणार ते विचारा. सर्टिफिकेट रिसेप्शनच्या भिंतीवर बघा, दिसलं नाही तर मागा, आणि राष्ट्रीय नोंदणी यादी ऑनलाईन आहे तिथे नाव शोधा. वयाची मर्यादाही याच कायद्यात आहे, बाई 21 ते 50 आणि पुरुष 21 ते 55. आणि मुलगाच मिळवून देतो असं कोणी कानात सांगितलं तर पर्स उचला आणि बाहेर या, तो सरळ सरळ गुन्हा आहे.

गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) आयव्हीएफ मोफत होतं म्हणे, मग प्रायव्हेटला कशाला जायचं?

होतं. 2023 पासून बांबोळीला गोमेकॉच्या सुपरस्पेशालिटी ब्लॉकमध्ये सरकारने मोफत आयव्हीएफ सुरू केलं. प्रायव्हेटमध्ये एका सायकलला, म्हणजे ट्रीटमेंटच्या एका फेरीला लाखाच्या वर जातात, त्यामुळे खूप जणांना हा आधार झाला, आणि मी तरी म्हणेन की आधी तिथे जाऊन चौकशी करा, फुकट आहे म्हणजे कमी प्रतीचं असणार हे डोक्यातून काढा. कागद काय लागतात, नंबर कधी लागेल, कुठली औषधं बाहेरून आणावी लागतील का, हे तिथेच काउंटरवर विचारा कारण ऐकीव माहिती लगेच जुनी होते.

अडचण काय, तर वेळ. मोठं हॉस्पिटल, ओपीडीला गर्दी, आज बघितलेले डॉक्टर पुढच्या वेळी असतीलच असं नाही. त्यामुळे तिथे जाताना तुमची फाईल तुम्हालाच तोंडपाठ पाहिजे. नवीन डॉक्टर समोर आले की एका मिनिटात सांगता आलं पाहिजे, वय इतकं, इतकी वर्षं प्रयत्न, ट्यूब अशा, एएमएच इतकं, मिस्टरांचा रिपोर्ट असा, आतापर्यंत हे हे केलं. वय 38, 39 असेल आणि एएमएच कमी असेल तर नंबरची वाट किती बघायची हे तिथल्याच डॉक्टरांना स्पष्ट विचारा. वयाचा प्रश्न विचारला म्हणून कोणी रागावत नाही.

गोव्यातच करावं की बेळगाव, कोल्हापूर, मुंबईला जावं?

आययूआयसाठी बाहेर जायची गरज मला दिसत नाही. आयव्हीएफचं म्हणाल तर आधी हे बघा की अंडी वाढवायची इंजेक्शनं चालू असताना एक दिवसाआड स्कॅनला जावं लागतं, आणि तेही सकाळी. चोडणहून फेरीबोट पकडून, मग बस पकडून नऊच्या आत पोचायचं आणि तिथून ऑफिसला, हे करताना इथल्या इथे बायका दमतात, मग दुसऱ्या गावी खोली घेऊन राहायचं म्हणजे रजा, खर्च आणि घरी सांगायची कारणं. काही डॉक्टर इथे स्कॅन करून पुढचं तिकडे करायला तयार असतात, पण मग दोन डॉक्टर एकमेकांशी बोलतात की आपल्यालाच निरोप्या बनवतात ते बघून घ्या.

उलट बाजूही आहे. इथल्या क्लिनिकमध्ये विचारायचं की मुख्य डॉक्टर कायम गोव्यात असतात की महिन्यातून ठरलेल्या दिवशी बाहेरून येतात. बाहेरून येणारे वाईट असतात असं अजिबात नाही. पण मग पाच सहा बायकांना एकाच तारखेला बसवायचं म्हणून गोळ्या देऊन पाळी मागेपुढे केली जाते, त्याला बॅच म्हणतात. ते तुम्हाला आधी सांगितलेलं असलं पाहिजे. आणि हे डॉक्टर गोव्यात नसतील त्या दिवशी पोट फुगलं, उलट्या सुरू झाल्या तर बघणार कोण, याचं उत्तर नावासकट पाहिजे.

सक्सेस रेट विचारला की सगळेच मोठे आकडे सांगतात. खरं काय समजायचं?

आकडा ऐकून "कशाचा?" असं विचारायचं. बीटा (प्रेग्नन्सीची रक्ततपासणी) पॉझिटिव्ह आलेल्यांचा आकडा, सोनोग्राफीत ठोके दिसलेल्यांचा आकडा आणि बाळ हातात घेऊन घरी गेलेल्यांचा आकडा हे तीन वेगळे आकडे आहेत, पहिला सगळ्यात मोठा आणि बोर्डावर बहुतेक तोच. मग परत विचारायचं की सुरू केलेल्या शंभर जणींमधला हा आकडा की ज्यांचं ट्रान्सफर झालं, म्हणजे एम्ब्रियो गर्भाशयात सोडला त्यांच्यातला, कारण ज्यांची अंडी निघाली नाहीत किंवा एम्ब्रियो झाले नाहीत त्या दुसऱ्या हिशोबात मोजल्याच जात नाहीत. आणि स्वतःच्या अंड्यांचा की डोनर अंड्यांचा. डोनर तरुण असते त्यामुळे ते मिसळले की टक्के वर जातात.

इंग्लंडमध्ये सरकारी संस्था प्रत्येक क्लिनिकचे आकडे लोकांसमोर ठेवते, आपल्याकडे पेशंटला असं काही बघायला मिळत नाही, त्यामुळे क्लिनिक सांगेल तेच ऐकायचं. म्हणून मी तरी टक्क्यांवर डॉक्टर ठरवू नका म्हणते. सरळ विचारा, "माझ्या वयाच्या, माझ्यासारख्या रिपोर्टवाल्या बायकांमध्ये तुमच्याकडे बाळ होईपर्यंत किती जणी पोचतात?" यावर जे डॉक्टर थोडं थांबून, तुमची फाईल परत उघडून बोलतात ना, ते मला आवडतात, आकडा छोटा सांगितला तरी.

पहिल्या भेटीला काय न्यायचं?

सगळे रिपोर्ट तारखेप्रमाणे लावलेले, जुना सगळ्यात खाली. एचएसजीची फिल्म, नुसता कागद नाही. आधीच्या सायकलमध्ये कुठली औषधं घेतली त्याची यादी, नसेल तर रिकामी पाकिटं तरी. मागच्या पाळीची तारीख, हे तर विचारतातच. मिस्टरांना घेऊन जा. आणि प्रश्न कागदावर लिहून न्या, मोबाईलमध्ये नको, कारण मोबाईल काढला की डॉक्टरला वाटतं तुम्ही मेसेज बघताय.

डॉक्टर बोलूच देत नाहीत, तीन मिनिटांत बाहेर. काय करायचं?

ही सगळ्यात मोठी तक्रार, आणि खोटी नाही. मी एका ठिकाणी बघितलंय, मॅडम रिपोर्टवरून मान वर न करता लिहितायत, समोरची बाई "मॅडम, एक विचारायचं होतं" म्हणतेय आणि बाहेरून सिस्टरने पुढचं नाव पुकारलेलंसुद्धा.

एक उपाय चालतो. आत गेल्या गेल्या, खुर्चीवर बसतानाच सांगायचं, "डॉक्टर, आज माझे तीन प्रश्न आहेत", आणि कागद टेबलावर ठेवायचा. शेवटी विचारायला ठेवलात तर शेवट येतच नाही. तीनच ठेवा, महत्त्वाचा पहिला. उत्तर कळलं नाही तर "म्हणजे माझ्या बाबतीत काय?" असं परत विचारा. बाकीचे बारीक प्रश्न, इंजेक्शन कधी, जेवून की उपाशी, हे कोऑर्डिनेटर किंवा सिस्टरला विचारता येतात, कित्येकदा त्या जास्त नीट सांगतात.

गर्दीच्या दिवशी डॉक्टर तुटक बोलले म्हणून लगेच वाईट ठरवू नका. पण दोनतीन भेटींनंतरही आपल्याला नेमकं काय झालंय हे आपल्या तोंडाने सांगता येत नसेल, तर डॉक्टर कितीही नावाजलेले असोत, काही उपयोग नाही. आणि वजनावरून, वयावरून, "इतकी वर्षं काय करत होता" असं टोचून बोलणारे, त्यांच्याबद्दल माझं मत सरळ आहे, दुसरीकडे जा. वजन कमी करा सांगणं वेगळं आणि अपमान करणं वेगळं.

फॉर्म सगळे इंग्लिशमध्ये असतात, सही करून टाकायची का?

नाही. कोकणी किंवा मराठीत समजावून द्या म्हणायचं, बहुतेक ठिकाणी स्टाफ आपलाच असतो, सांगतात. तुमची लेखी संमती कायद्यानेच लागते, आणि उपचाराचे फायदे, तोटे, धोके, खर्च आणि यश येण्याची शक्यता समजावून सांगणं हेही क्लिनिकवर कायद्याने बंधनकारक आहे. फॉर्म घरी नेऊन वाचून उद्या आणते असं म्हटलं तरी चालतं. उरलेल्या एम्ब्रियोंचं काय करायचं, किती वर्षं ठेवायचे, डोनर लागला तर चालेल का, असल्या ओळी त्या गठ्ठ्यातच असतात आणि अंडी काढायच्या दिवशी सकाळी उपाशीपोटी त्या वाचून होत नाहीत.

मिस्टर यायला तयार नाहीत, म्हणतात माझ्यात काही नाही.

जवळजवळ अर्ध्या जोडप्यांमध्ये पुरुषाच्या बाजूचंही काहीतरी कारण असतं. आणि त्यांची टेस्ट सगळ्यात सोपी, स्वस्त, सुई नाही की काही नाही. दोन ते सात दिवसांचं अंतर ठेवून सॅम्पल द्यायचं, घरून आणणार असाल तर तासाभरात लॅबला पोचवायचं. बाईची लॅप्रोस्कोपी (पोटात दुर्बीण घालून तपासणी) आधी आणि नवऱ्याचा रिपोर्ट नंतर, हे उलटं काम मी बऱ्याच जणींचं ऐकलंय. डॉक्टरांनाच सांगा की यांना तुम्ही बोलवा, बायकोने सांगितलं की भांडण होतं, डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहिलं की येतात. रिपोर्ट खराब आला तर एकदा परत करतात, आणि तंबाखू, दारू सोडली तरी फरक दिसायला तीनेक महिने लागतात कारण नवीन शुक्राणू तयार व्हायलाच तेवढा काळ जातो. तेवढे महिने थांबायचं की नाही हे पुन्हा बाईच्या वयावर.

नवरा बोटीवर आहे, वर्षातले कितीतरी महिने घरी नसतो. आमचं कसं जमणार?

गोव्यात हा प्रश्न बऱ्याच घरांना पडतो आणि बाहेरच्या डॉक्टरांना तो पटकन लक्षात येत नाही. म्हणून पहिल्याच भेटीत सांगा, मिस्टर शिपवर असतात, अमुक तारखेला साइन ऑन आहे, म्हणजे परत बोटीवर रुजू व्हायचंय. "एक वर्ष प्रयत्न केले" हेसुद्धा मग वेगळं मोजावं लागतं, कारण प्रत्यक्षात एकत्र किती महिने होतात? सुट्टीवर आल्या आल्या त्यांच्या टेस्ट करून घ्यायच्या, आणि आयव्हीएफ करायचं ठरलं तर जायच्या आधी वीर्य फ्रीज करून ठेवता येतं, मग ते समुद्रावर असले तरी तुमचं काम अडत नाही. मात्र सह्या दोघांच्या लागतात, त्या कुठल्या कुठल्या आणि कधी हे आधीच विचारून सगळे कागद पुरे करून मगच त्यांना पाठवा. गल्फमध्ये असतील त्यांनाही हेच.

सासूबाईंना आत घ्यायचं का?

तुमची मर्जी. डॉक्टर कोणालाही बाहेर थांबायला सांगू शकतात आणि तुम्ही आधी सिस्टरच्या कानात सांगितलंत तर ते काम त्याच करतात, तुमच्यावर येत नाही. रिपोर्ट फोनवर फक्त तुम्हाला किंवा मिस्टरांनाच सांगायचे हेही फाईलवर लिहून घ्या. घरच्या लँडलाईनवर "बीटा निगेटिव्ह" सांगितल्यावर काय होतं ते ज्यांच्या घरी झालंय त्यांना विचारा.

घरचे म्हणतात देवाला कौल लावू, नवस बोलू, वैद्याचं औषध घेऊ. डॉक्टरला सांगायचं का?

कौल लावा, गाऱ्हाणं घाला, शांतादुर्गेला ओटी भरा, मिलाग्रीस सायबिणीला (मदर मेरीला) मेणबत्ती लावा, कोणी अडवत नाही आणि मनाला बरं वाटतं तेही खरंच. फक्त कौल येईपर्यंत औषध थांबवू नका. काढे, चूर्ण, होमिओपॅथीच्या गोळ्या मात्र डॉक्टरला सांगायच्याच, ओरडले तरी. काहींमध्ये हॉर्मोनवर परिणाम करणारं असतं आणि मग तुमचे रिपोर्ट का असे येतात ते कोणाला कळत नाही. श्रावणी सोमवारचा कडक उपवास करत असाल तेही सांगा.

पॅकेज सांगतात त्यात सगळं येतं का?

क्वचित. इंजेक्शनं, इक्सी, भूल, एम्ब्रियो फ्रीज करणं, त्याचं दर वर्षाचं भाडं, पुढच्या महिन्यातलं फ्रोझन ट्रान्सफर, यातलं काय आत आणि काय बाहेर ते लिहून मागा. सायकल मध्येच बंद करावी लागली तर किती परत, हेही. "बाळ नाही तर पैसे परत" वाल्यांच्या अटी बारीक अक्षरात असतात, त्या वाचल्या की कळतं की ज्यांना बाळ होण्याची शक्यता आधीच चांगली आहे त्यांनाच ते घेतात.

डॉक्टर वरून आणखी टेस्ट आणि प्रोसिजर सांगतात, सगळ्या करायच्या का?

विचारा, याने माझं बाळ होण्याची शक्यता वाढते याचा पुरावा आहे का, आणि नाही केलं तर काय. गर्भाशयाचं अस्तर खरवडणं पूर्वी खूप चालायचं, 2019 मध्ये मोठा अभ्यास आला त्यात फायदा दिसला नाही. पीआरपी (स्वतःच्याच रक्तातल्या प्लेटलेट्स सोडणं), ईआरए (ट्रान्सफरची वेळ ठरवायला अस्तराची टेस्ट) यांच्याबद्दलही डॉक्टरांमध्येच एकमत नाही. आणि आपल्याकडे टीबीचं असतं, अस्तराची पीसीआर (टीबीच्या जंतूचा अंश शोधणारी टेस्ट) पॉझिटिव्ह आली की लगेच सहा महिन्यांचा टीबीचा कोर्स. गर्भाशयाचा टीबी खरंच असतो आणि तो ट्यूब खराब करतो, पण नुसत्या पीसीआरवर कोर्स सुरू करायच्या आधी दुसऱ्या डॉक्टरचं मत जरूर घ्या.

रात्री काही झालं तर कोणाला फोन करायचा?

इंजेक्शनं सुरू व्हायच्या आधीच नंबर घ्या आणि एकदा रात्री नऊला लावून बघा उचलतात का. गंमत नाही सांगत. ट्रिगरचं, म्हणजे अंडी पक्व करायचं शेवटचं इंजेक्शन ठरलेल्या मिनिटाला असतं, अंडी त्यानंतर साधारण 34 ते 36 तासांनी काढतात, त्यामुळे वेळ चुकली तर लगेच सांगावं लागतं, सकाळची वाट बघून चालत नाही. पोट टम्म फुगलं, उलट्या थांबत नाहीत, लघवी कमी झाली, दम लागतोय, यातलं काहीही झालं तर व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज टाकून निळ्या टिकची वाट बघत बसू नका, फोन करा, नाहीतर सरळ कॅज्युअल्टीला जा आणि आयव्हीएफची इंजेक्शनं चालू आहेत हे पहिल्या वाक्यात सांगा.

फ्रिजमधल्या इंजेक्शनांचंही विचारून ठेवा. पावसात सत्तरीकडे लाईट गेली की कधी येईल सांगता येत नाही, आणि कदंबाच्या बसमधून तासभर आणायची तर छोटा थर्मास आणि आइस पॅक लागतो, पण इंजेक्शन बर्फाला चिकटून गोठायला नको, मध्ये रुमाल गुंडाळायचा.

फेल झालं. आता डॉक्टरला काय विचारू, मला तर तिथे जायचीच इच्छा नाही.

लगेच जाऊ नका मग. पण थोड्या दिवसांनी त्या सायकलवर बोलायलाच म्हणून वेगळी वेळ मागा. अंडी किती निघाली, त्यातली पक्व किती, फलित किती झाली, पाचव्या दिवसापर्यंत किती पोचली, अस्तर किती होतं. हे आकडे लिहून घ्या. मग विचारा, पुढच्या वेळी तुम्ही काय वेगळं करणार. "नशीब" एवढंच उत्तर आलं तर दुसरं मत घ्या. कधी कधी खरंच कारण सापडत नाही, ते डॉक्टरांनी "मला सांगता येत नाही" असं कबूल केलं तर मला ते जास्त खरं वाटतं.

डॉक्टर बदलायचाय, पण वाईट वाटेल त्यांना, आणि फाईल देतील का?

त्यांना रोज शंभर पेशंट असतात हो. फाईलची प्रत मागणं हा तुमचा हक्क आहे, लेखी मागितली की 72 तासांत द्यावी असा डॉक्टरांसाठीच नियम आहे. शिवाय काय काय केलं ते लिहिलेलं डिस्चार्ज सर्टिफिकेट एआरटी क्लिनिकने द्यायचंच असतं. टाळाटाळ केली तर क्लिनिकच्या तक्रार कक्षाकडे लेखी द्या, तो ठेवणंही बंधनकारक आहे. फ्रीज केलेले एम्ब्रियो दुसरीकडे न्यायचे असतील तर मात्र ते इतकं सोपं नाही, त्याला वरून परवानगी लागते, म्हणून क्लिनिक बदलायचा विचार असेल तर नवीन सायकल सुरू व्हायच्या आधी बदला.

थांबायचं कधी?

हे डॉक्टर ठरवत नाहीत, पण चांगले डॉक्टर हा विषय स्वतः काढतात. पैसे, वय, शरीर, संसार, यातलं कुठलं आधी संपतंय ते तुम्हालाच कळतं. दत्तक घ्यायचा विचार असेल तर कारात (दत्तकाचं काम बघणारी केंद्र सरकारची संस्था) नोंदणी लवकर करा, तिथे जोडप्याच्या वयाची बेरीज बघतात आणि वाटही बरीच बघावी लागते. ट्रीटमेंट चालू असताना दत्तकाचा विचार केला म्हणून देव रागावत नाही, सासू रागावेल कदाचित.

चवथीला (गणेश चतुर्थीला) क्लिनिक बंद असतं, आणि पाळी नेमकी तेव्हाच आली तर?

स्कॅन पाळीच्या दुसऱ्या तिसऱ्या दिवशी लागतो आणि चवथीत निम्मा गोवा बंद, स्टाफही गावाला गेलेला. त्यामुळे तारीख जवळपास येतेय असं दिसलं तर आठवडाभर आधी कोऑर्डिनेटरला विचारून ठेवा कोण असणार, कुठला दिवस उघडं. कोणीच नसेल तर तो महिना सोडायचा, पुढच्या पाळीला सुरू करायचं, एका महिन्याने सहसा काही बिघडत नाही. इंजेक्शनं मात्र आधीच सुरू झालेली असतील तर सुट्टीतही स्कॅन करणारच असं त्यांच्याकडून सुरू करायच्या आधी कबूल करून घ्या.